नेपल्सचे बंदर आणि तेरची वाट

(बी. ए. तृतीय वर्ष, इतिहास)

आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही. लातूर-नांदेडकडच्या माणसाला पाणी म्हटले की मांजरा, तेरणा, गोदावरी या नद्या आठवतात आणि ही आठवणही पुष्कळदा टंचाईचीच असते. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या एका विद्यार्थिनीने इटलीच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या आलिशान जहाजांविषयी लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. ‘घरात नाही दाणा आणि हवालदार म्हणा’ असेही कुणी म्हणेल. परंतु हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. तो माझ्याकडे दोन वाटांनी चालत आला.

पहिली वाट नांदेडहून आली. माझा एक मावसभाऊ तेथे हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पूर्ण करून परदेशी प्रवासी जहाजावर स्वयंपाकी म्हणून लागला. त्याचे जहाज उन्हाळ्यात इटलीच्या किनाऱ्याने फिरते. दुसरी वाट आमच्या वर्गातून आली. प्राचीन भारताचा व्यापार शिकविताना सरांनी एका हस्तिदंती मूर्तीचे छायाचित्र दाखविले. ती मूर्ती सापडली इटलीत आणि तिची सख्खी बहीण शोभेल अशी दुसरी मूर्ती मिळाली आपल्या तेर गावात. या दोन वाटा पुढे कोठे मिळाल्या, ते सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

किनाऱ्यावरची सहल म्हणजे काय?

‘यॉट’ हा शब्द मूळचा डच भाषेतला. पाठलाग करणारे वेगवान जहाज असा त्याचा जुना अर्थ. आज मात्र धनिकांचे खासगी जहाज किंवा शंभर-दोनशे, फार तर तीनशे प्रवासी घेऊन जाणारे छोटे आलिशान प्रवासी जहाज या अर्थाने तो वापरला जातो. मोठ्या जहाजांवर चार-पाच हजार माणसे असतात. एका जहाजात आपल्याकडचे एक मोठे गावच सामावते म्हणा ना! अशी अजस्र जहाजे केवळ खोल पाण्याच्या मोठ्या बंदरांतच लागू शकतात. छोट्या जहाजाचा फायदा असा की, ते पोर्तोफिनो किंवा अमाल्फीसारख्या चिमुकल्या गावासमोर नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान बोटींतून काठावर नेऊन सोडते.

जहाजाचा प्रवास बहुधा रात्री होतो. प्रवासी झोपलेले असताना जहाज एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाते आणि सकाळी नवे गाव समोर उभे असते. दिवसभर उतरून गाव पाहायचे व संध्याकाळी परत यायचे, या फेरीला किनाऱ्यावरची सहल म्हणतात. तिची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. जहाज कंपनी प्रत्येक बंदरातील स्थानिक सहल-व्यवस्थापकाशी करार करते. बस, वाटाड्या, प्रवेशपत्रे व जेवण हे सारे तो पुरवतो. कंपनी त्यावर आपला नफा चढवून प्रवाशाला तिकीट विकते. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबते. जो प्रवासी स्वतंत्रपणे हिंडायला गेला आणि वेळेत परतला नाही, त्याच्यासाठी सहसा थांबत नाही. त्याने पुढचे बंदर स्वतःच्या खर्चाने गाठावे. त्यामुळे जास्त पैसे गेले तरी पुष्कळ लोक कंपनीचीच सहल घेतात. येथे विकली जाणारी खरी वस्तू निर्धास्तपणा ही आहे.

इटलीचा किनारा आपल्या लोकांना अगदीच अपरिचित होता असे नाही. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यानंतर मुंबईची टपाल व प्रवासी नेणाऱ्या आगबोटींच्या मार्गावर इटलीच्या टाचेवरील ब्रिंदिसी हे बंदर महत्त्वाचे ठरले. दुसऱ्या गोलमेज परिषदेनंतर डिसेंबर १९३१ मध्ये महात्मा गांधी ‘पिल्स्ना’ या जहाजाने मुंबईकडे निघाले, ते याच ब्रिंदिसीहून. पण त्या काळी जहाज हे कोठेतरी पोहोचण्याचे साधन होते. आज तेच मुक्कामाचे घर झाले आहे आणि बंदर ही दिवसभराची भेट.

इटलीची बंदरे

या सहलींचा एक नियम पहिल्याच दिवशी प्रवाशाला कळतो. ज्या गावाचे नाव जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते, ते गाव पुष्कळदा बंदरावर नसतेच! रोम पाहायचे तर जहाज चिव्हितावेक्कियाला लागते. तेथून रोम सुमारे ७५ किलोमीटर. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नो हे बंदर. तेथून पिसाचा झुकता मनोरा जवळ, पण फ्लॉरेन्सला पोहोचायला दीड तास लागतो. ला स्पेझियाहून कड्यांवर वसलेल्या चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांना जाता येते. सिसिली बेटावर मेसिनाला उतरले की ताओर्मिनाचे प्राचीन नाट्यगृह व एटना हा जागता ज्वालामुखी.

आठ-नऊ तासांच्या मुक्कामातून जाण्यायेण्याचे तीन-चार तास वजा करावेत, जेवणाचा एक तास वजा करावा, दुकानाशी बस थांबते तो अर्धा तास वजा करावा. मग रोमसारख्या नगरीच्या वाट्याला किती वेळ उरला, हे गणित आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही जमण्यासारखे आहे.

नेपल्सचा एक दिवस

नेपल्सचे मात्र तसे नाही. येथे जहाज शहराच्या अंगणातच लागते. धक्क्यावरून उतरले की समोर जुना किल्ला आणि डावी-उजवीकडे उपसागराचा अर्धवर्तुळाकार काठ. पूर्वेला व्हिसुव्हियस पर्वत दिसतो. त्याची उंची १,२८१ मीटर आणि शेवटचा उद्रेक १९४४ सालचा.

येथून चार सहली ठरलेल्या आहेत. पहिली काप्री बेटाची. तेथील निळ्या गुहेचे तोंड इतके बुटके आहे की, होडीत अक्षरशः आडवे पडून आत जावे लागते. दुसरी सोरेंटोची, तिसरी अमाल्फीच्या कड्यावरील वळणावळणाच्या रस्त्याची आणि चौथी, सर्वांत अधिक गर्दीची, पॉम्पेईची.

इसवी सन ७९ मध्ये व्हिसुव्हियसचा स्फोट होऊन पॉम्पेई नगर राख व सच्छिद्र दगडांच्या चार ते सहा मीटर जाड थराखाली गाडले गेले. ही घटना २४ ऑगस्टला घडली असे पूर्वापार मानले जाई. २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली तारीख मिळाली, तिच्यावरून ती ऑक्टोबरमध्ये घडली असावी असे आता अनेक अभ्यासक मानतात. १७४८ साली उत्खनन सुरू झाले आणि अजूनही नगराचा सुमारे तिसरा हिस्सा मातीखालीच आहे. जे उघडे झाले ते सारे पाहायचे तर दोन दिवसही कमी पडतील. बंदराच्या सहलीत त्याला दोन तास मिळतात. वाटाड्या हातातील छत्री किंवा झेंडी उंच धरून पुढे आणि कानाला यंत्र लावलेली मंडळी मागे, अशी मिरवणूक निघते. चौक, स्नानगृह, भट्टी असलेली पावाची दुकाने, रस्त्यावर रथाच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या. झाले, चला बसकडे!

या मिरवणुकीच्या वाटेवर, नगरातील एका मुख्य रस्त्यालगत, एक साधेसे घर आहे. ते आपल्या दृष्टीने साऱ्या पॉम्पेईतील सर्वांत जवळचे घर होय. इटालियन पुरातत्त्वज्ञ त्याला ‘भारतीय मूर्तीचे घर’ असे म्हणतात.

हस्तिदंती स्त्री

१९३८ साली आमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली त्या घराचे उत्खनन चालू असताना हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिची उंची जेमतेम वीतभर, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंस प्रसाधनाची पात्रे घेतलेल्या दोन लहान दासी. अंगावर वस्त्र नसल्यासारखेच, पण दागिने मात्र भरपूर : गळ्यात माळा, कमरेला मेखला, हातांत बांगड्यांच्या रांगा आणि पायांत जाडजूड तोडे. डोक्यातून खाली कोरलेले भोक आहे. त्यावरून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या छोट्या चौरंगाचा आधार असावा, असे तर्क केले गेले. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले व ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव रूढही झाले. आज बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात.

ती आली कोठून? आरंभी तिचे नाते मथुरेशी जोडले गेले. तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील एक खूण आहे, म्हणून काहींची दृष्टी वायव्येकडे वळते. परंतु दख्खनचा दावाही तितकाच भक्कम आहे. तेर येथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पॉम्पेईच्या मूर्तीशी असलेले साम्य पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरते. १९७३ मध्ये जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे शां. भा. देव व र. श्री. गुप्ते यांनी उत्खनन केले. तेथेही याच घडणीचे हस्तिदंती काम मिळाले. त्यावरून पॉम्पेईची मूर्ती भोकरदनच्या कारागिरांची असावी, असे मत म. के. ढवळीकर यांनी मांडले. वाद संपलेला नाही. तथापि सातवाहनांच्या काळी मराठवाड्यात असे नाजूक हस्तिदंती काम करणारे हात होते आणि त्यांच्या मालाला दूरदेशी गिऱ्हाईक होते, एवढे मानायला हरकत नाही.

ही मूर्ती आज पॉम्पेईत नाही. ती नेपल्स शहरातील राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात, प्राचीन काळच्या शृंगारिक वस्तू ज्या ‘गुप्त दालना’त ठेवतात, तेथे आहे. बंदरापासून हे संग्रहालय दोन-अडीच किलोमीटरवर. म्हणजे पॉम्पेईच्या बसमध्ये बसून २५ किलोमीटर दूर जाणारा प्रवासी पॉम्पेईच्या उत्तमोत्तम वस्तू पाठीमागे टाकून जातो. भिंतीवरची चित्रे, रंगीत दगडी तुकड्यांची चित्रकामे, भांडी हे सारे त्याच्या जहाजापासून पायी जाण्याच्या अंतरावर असते.

तेरहून पुत्योलीपर्यंत

मूर्ती तेथे पोहोचली कशी, हे पाहण्यासाठी आता आपण उलट दिशेने, म्हणजे आपल्या घरून निघू.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचे नौकानयनाचे मार्गदर्शक लिहिले. त्यात भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, अशा दोन बाजारपेठा सांगितल्या आहेत. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगरहून जाडेभरडे कापड, मलमल व इतर माल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचला येई. हे तगर म्हणजे कोणते गाव, याविषयी देवगिरी, जुन्नर अशी निरनिराळी ठिकाणे सुचविली गेली होती. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे सप्रमाण मांडले व तेच आज मान्य आहे. पुढे कोकणात राज्य करणारे शिलाहार राजेही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. समुद्रकाठच्या राजांना आपले मूळ आपल्या या कोरड्या मुलखात सांगावेसे वाटे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तेर ते भडोच बैलगाडीने महिनाभर. तेथून मोसमी वाऱ्यांच्या आधाराने जहाज तांबड्या समुद्रात जाई. इजिप्तच्या किनाऱ्यावर माल उतरला की वाळवंटातून उंटांवर, मग नाईल नदीतून होड्यांनी अलेक्झांड्रियाला आणि तेथून भूमध्य समुद्र ओलांडून इटलीत. पूर्वेचा माल ज्या बंदरात उतरे, त्याचे नाव पुत्योली. आजचे पोझ्झुओली. ते नेपल्सच्याच उपसागरावर आहे! अलेक्झांड्रियाची जहाजे दिसू लागताच सारे गाव धक्क्यावर लोटे, असे सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने एका पत्रात नोंदले आहे. आज परदेशी जहाज दिसले की टॅक्सीवाले व वाटाडे धक्क्यावर गोळा होतात. दोन हजार वर्षांत त्या काठाचा हा स्वभाव फारसा बदललेला दिसत नाही.

व्यापार एकतर्फी नव्हता. भडोचला येणाऱ्या मालात दारू असे आणि तीत इटलीच्या दारूला अधिक पसंती असे, हे पेरिप्लसकारच सांगतो. व्हिसुव्हियसच्या परिसरातील काळी वाळू मिसळलेल्या मातीचे मद्यकुंभ भारतात मिळाले आहेत. नेवासे येथील उत्खननात रोमन कुंभांचे तुकडे निघाले, तर कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर समुद्रदेव पोसायडन याची ब्राँझची मूर्ती मिळाली. तेरला रोमन नाण्यांची मातीतली नक्कल सापडते. वर दोरा ओवायला नाके असते, म्हणजे ती गळ्यात घालण्यासाठी असावी. परदेशी वस्तू परवडली नाही तर तिची नक्कल तरी अंगावर मिरवावी, ही हौस आजचीच आहे असे कुणी समजू नये!

या व्यापाराबद्दल कुरकुर करणारेही होते. भारत दरवर्षी रोमन साम्राज्याकडून पाच कोटी सेस्टर्स (रोमन पितळी नाणे) ओढून घेतो आणि त्याचा माल आमच्याकडे मूळ किमतीच्या शंभरपटीने विकला जातो, असे थोरल्या प्लिनीने लिहिले. योगायोग असा की, हा प्लिनी नेपल्सच्या उपसागरावरील आरमाराचा प्रमुख होता आणि व्हिसुव्हियसच्या त्याच उद्रेकात, लोकांना वाचवायला गेला असता, त्या काठावरच मरण पावला. त्याच सुमारास काही मैलांवर एका घरात भारतीय हस्तिदंताची एक सुंदरी राखेखाली गाडली जात होती.

जहाजावरचा माणूस

आता मावसभावाची गोष्ट. प्रवाशांची सहल असते त्या दिवशी त्याचे काम पहाटे चारला सुरू होते, कारण न्याहारी लवकर लागते. जहाज बंदरात असले तरी सर्व नोकरांना उतरता येत नाही. आग किंवा अपघात झाल्यास उपयोगी पडावे म्हणून ठरावीक संख्येने लोकांना जहाजावरच राहावे लागते. उरलेल्यांना दोन पाळ्यांच्या मध्ये जो वेळ मिळेल तेवढाच. मी त्याला विचारले, “दादा, इटली कशी आहे रे?” तो म्हणाला, “मला काय माहीत? मी चार वेळा नेपल्सला गेलो. धक्क्याजवळच्या दुकानात घरी फोन करायचं कार्ड घेतलो आणि परत आलो. इटली मला कांद्याच्या वासासारखी आठवते.”

मी त्याला मूर्तीचे छायाचित्र पाठविले व संग्रहालयाचे नाव कळविले. पाचव्या वेळी तो दुपारी सुटला आणि चढण चढत तेथे गेला, तो दार बंद! मंगळवारी ते संग्रहालय बंद असते, हे मला माहीत नव्हते. चूक माझीच होती. तो काही बोलला नाही, पण अडीच तासांची त्याची सुटी मी वाया घालविली, ही रुखरुख मला लागून राहिली. पुढच्या फेरीत नेपल्स शुक्रवारी आले. त्याने तिकीट काढले, पहारेकऱ्याला छायाचित्र दाखविले आणि थेट त्या दालनात जाऊन उभा राहिला.

त्या रात्री त्याचा फोन आला. “अगं, केवढीशी आहे ती! हातभर सुद्धा नाही. आणि हिच्या हातातल्या बांगड्या बघितलीस का? आपल्या तांड्यावरच्या लमाण बायकांच्या असतात, थेट तशा. तू सांगितली नसतीस तरी मी ओळखलो असतो.” जरा थांबून म्हणाला, “माझ्यासोबत जहाजावरची दोन माणसं तिथं आली होती. त्यांना मी सांगितलं, ही आमच्याकडची आहे. ते हसले. मग मी तुझा तेरचा फोटो काढून दाखवलो, तेव्हा गप्प बसले.”

पॉम्पेईच्या सहलीला जहाजातून त्या दिवशी दोन बसगाड्या गेल्या होत्या. त्या प्रवाशांनी दोन तास पॉम्पेई पाहिली. माझ्या भावाने अर्धा तास एकच वस्तू पाहिली. कोणाची सहल अधिक मोठी, हे वाचकांनीच ठरवावे.

गर्दीचा भार

थोड्या वेळात पुष्कळ पाहण्याची ही रीत स्थळांनाही जड जाऊ लागली आहे. व्हेनिसच्या ऐतिहासिक जलमार्गातून जाणाऱ्या मोठ्या जहाजांमुळे शहराच्या पायाला व खाडीला धोका आहे, अशी ओरड अनेक वर्षे चालली होती. शेवटी १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरील जहाजांना तेथे बंदी झाली. एप्रिल २०२४ पासून त्याच शहराने गर्दीच्या ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरते येणाऱ्या पाहुण्यांवर पाच युरोचा कर बसविला. पॉम्पेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० पाहुण्यांची मर्यादा घालून दिली आहे. दिवसाचा पाहुणा गर्दी करतो, कचरा करतो, पण रात्री जेवायला-झोपायला जहाजावर परततो. त्यामुळे गावाच्या पदरात फारसे पडत नाही, अशी तेथील रहिवाशांची तक्रार आहे. छोट्या जहाजांचा भार अर्थातच कमी. पण घड्याळ त्यांच्याही मानगुटीवर असतेच.

आणि आपली सहल

येथवर वाचून इटलीच्या प्रवाशांना हसण्याचा मोह होईल. मलाही झाला होता. परंतु गेल्या वर्षीची आमच्या वर्गाची सहल आठवली आणि हसू ओसरले. लातूरहून निघून मुरूड-ढोकीमार्गे तेर, मग तुळजापूर, नळदुर्ग व रात्री परत, असा बेत होता. निघायलाच उशीर झाला. तेरला पोहोचलो तेव्हा सर म्हणाले, “चाळीस मिनिटे.” निम्म्या मुली बसमध्येच डबे उघडून बसल्या. आम्ही काही जणी धावत संग्रहालयात गेलो, काचेच्या कपाटांपुढून भराभर सरकलो, दारात एक सामूहिक छायाचित्र काढले आणि निघालो. आमच्याही हातात झेंडीच तेवढी नव्हती.

नांदेडला काय वेगळे घडते? सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला देशभरातून यात्रेकरू येतात आणि त्याच गाडीने परततात. श्रद्धेने येतात, त्यांचे दर्शन होते, हे योग्यच आहे. पण आपण नांदेडकर तरी कंधारचा किल्ला किंवा होट्टलची मंदिरे कितीदा पाहतो? लातूरकरांनी खरोसा लेणी किंवा औशाचा किल्ला निवांतपणे पाहिला आहे काय?

भावाचा फोन आला त्याच्या पुढच्या रविवारी मी मैत्रिणीला घेऊन एस. टी.ने पुन्हा तेरला गेले. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होण्यापूर्वी तेर व लातूर एकाच जिल्ह्यात होते. आज ते धाराशिव जिल्ह्यात आहे, इतकेच. आम्ही सकाळी पोहोचलो व संध्याकाळच्या गाडीने परतलो. विटांचे त्रिविक्रम मंदिर पाहिले. त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार आहे, कारण मूळचे ते बौद्ध चैत्यगृह होते. उत्तरेश्वराचे मंदिर पाहिले. संत गोरोबाकाकांच्या मंदिरात बसलो. तेरणेच्या काठावरील पांढरीच्या टेकाडांवर खापरांचा खच पडलेला असतो. कुंभाराच्या गावची मातीसुद्धा खापराची, असे मैत्रीण म्हणाली. आम्ही एकही तुकडा उचलला नाही. खापर जागेवरून हलले की त्याचे अर्धे बोलणे बंद होते, असे सरांनी शिकविलेले होते.

मग संग्रहालय. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांनी आपल्या गावच्या मातीतून निघणाऱ्या वस्तू आयुष्यभर जपल्या आणि त्यांच्या संग्रहातून हे शासकीय संग्रहालय उभे राहिले. मणी, शंखाच्या बांगड्या, दिवे, दुहेरी साच्यातून काढलेल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या आणि ती हस्तिदंती स्त्री. चाळीस मिनिटांच्या सहलीत मी तिच्यासमोरूनच गेले असणार. मला ती दिसलीच नव्हती. या वेळी मी तिच्यापुढे बराच वेळ उभी राहिले. एक बहीण घरी राहिली व दुसरी सातासमुद्रापलीकडे गेली. घरी राहिलेलीला पाहायला कुणाला वेळ नाही आणि गेलेलीला पाहायला नांदेडचा एक आचारी दोनदा चढण चढून गेला.

काही सूचना

या अनुभवावरून आपल्या महाविद्यालयाच्या सहलींबाबत काही सुचवावेसे वाटते. सहलीला एका दिवसात एकच मुख्य स्थळ असावे. जाण्यापूर्वी एक तास त्या स्थळाविषयी वर्गात बोलणे व्हावे आणि प्रत्येकाने एक प्रश्न घेऊन जावे. संग्रहालयाची सुटी कोणत्या वारी असते, हे आधी विचारून घ्यावे. ही सूचना मी पश्चात्तापातून करते आहे. गावातील एखाद्या जाणत्या वृद्धाला सोबत घ्यावे. परतल्यावर प्रत्येकाने एकाच वस्तूवर एक पान लिहावे. या गोष्टींना पैसा लागत नाही. वेळ लागतो आणि तो तर आपल्याजवळ जहाजावरच्या माणसापेक्षा कितीतरी अधिक आहे.

समारोप

प्रवासाची थोरवी मैलांत मोजण्याची आपल्याला सवय आहे. इटलीला जाऊन आलेला मोठा आणि तेरला जाऊन आलेला छोटा, असे आपण धरून चालतो. पण दोन हजार वर्षांपूर्वी या दोन गावांमध्ये जी वाट होती, तिच्यावर तेर हे शेवटचे टोक नव्हते. ते आरंभाचे ठिकाण होते. माल येथून निघे आणि पुत्योलीला उतरे. ती वाट आता मोडली. तिचे एक टोक नेपल्सच्या बंदराजवळ काचेमागे आहे आणि दुसरे आपल्यापासून एस. टी.च्या दीड-दोन तासांवर.

भाऊ दिवाळीला सुटीवर येणार आहे. त्याने घरी कळविले आहे की, यंदा पहिला दिवस नातेवाइकांचा आणि दुसरा दिवस तेरचा. कोणत्या वारी जायचे, ते मी या वेळी आधीच विचारून ठेवले आहे.